रबरी कानाची पत्रिका

माझ्या आयुष्यातलं पहिल्या क्रमांकाचं गाणं कचऱ्याच्या गाडीचं निघालं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी त्या दिवशी हसले नव्हते. दवाखान्यात मी एकटीच होते, तरी आधी दाराची कडी लावून घेतली आणि मग तो कागद पुन्हा वाचला.

मी पद्मजा मगदूम. मिरजेत डॉक्टर कित्तुरांच्या कानाच्या दवाखान्यात एकवीस वर्षं तपासनीस आहे. पूर्वी आमच्याकडे म्हातारी माणसं आणि नुकती जन्मलेली बाळं यायची. आता लग्नाची पोरं-पोरी येतात, बरोबर त्यांचे आईबाप, आत्या, माम्या, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर दहावीच्या निकालाची काळजी. असं का झालं ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

कान ऐकतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कान बोलतो, हे फार थोड्यांना. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात केसांसारखी टोकं असलेल्या पेशींच्या रांगा असतात. आवाज आला की बाहेरच्या रांगांतल्या पेशी नुसत्या हलत नाहीत, स्वतः आखडतात आणि ताणतात. त्या हालचालीचा एक अगदी बारीक आवाज उलटा, आतून बाहेर येतो. कानात छोटा मायक्रोफोन ठेवला की तो टिपता येतो. नवजात बाळाला ऐकू येतं की नाही हे आम्ही त्यावरूनच ओळखतो, कारण बाळाला थोडंच विचारता येतं! दुसरी गोष्ट अशी, की कानाकडून मेंदूकडे शीर जाते तशी मेंदूकडून कानाकडेही येते. त्या वाटेने मेंदू सांगत असतो, फार गोंगाट आहे, दार ओढून घे. म्हणजे कानाला दार असतं म्हणा ना, आणि ते बहुतेक वेळ अर्धवट लोटलेलं असतं.

बारा वर्षांपूर्वी असं लक्षात आलं, की काही मोजक्या गाण्यांना ते दार सूर यायच्या आधीच उघडतं. पुढचा सूर यायला सेकंदाचा विसावा भाग बाकी असतो आणि कान सताड उघडा. आवडत्या सगळ्या गाण्यांना असं होत नाही. तोंडपाठ गाण्यांनाही होत नाही. ज्यात आपलं काहीतरी राहून गेलंय अशाच गाण्यांना होतं, आणि ते मुद्दाम करता येत नाही की लपवता येत नाही. त्यावरून जे यंत्र निघालं त्याला कर्णदर्पण म्हणतात. खुर्चीत बसायचं, कानात बोंडं घालायची, कुठे वाढलात, कधी काय केलंत ते सांगायचं. मग यंत्र तुमच्या वाट्याला आली असतील अशी चारशे-पाचशे गाणी तीन-तीन सेकंद वाजवतं. पाऊण तासाने एक कागद बाहेर येतो. तुमची दहा गाणी, क्रमाने. तुम्ही निवडलेली नव्हे, तुमच्या कानाने निवडलेली.

आता आपल्या लोकांच्या हातात असला कागद पडल्यावर ते काय करणार? त्यांनी त्याचं नाव गानपत्रिका ठेवलं आणि लग्नं जुळवायला घेतली. मुलाची दहा गाणी मुलीला ऐकवायची, मुलीची मुलाला. किती गाण्यांना दार उघडतं ते गुण. दहापैकी सहाच्या खाली आले तर माणसं पोह्यांनाही बोलावत नाहीत.

एकदा जयसिंगपूरच्या एक बाई मुलाला बाहेर बसवून एकट्याच आत आल्या.

"मॅडम, पोराचं एक गाणं तेवढं काढून टाका की."

"कुठलं?"

"ते चार नंबरचं. तमाशातलं आहे ते. मुलीकडचे लोक शिकलेले आहेत हो!"

"बाई, कान त्याचा आहे. मी कोण काढणारी?"

"अहो, जन्मपत्रिकेतला मंगळ काढून देतात माणसं. तुम्हाला साधं एक गाणं काढता येईना?"

मी त्यांना चांगलं दहा मिनिटं ऐकवलं. खोटी पत्रिका करून दोन जिवांना एका घरात कोंडणं हे पाप आहे, वगैरे. बाई बिचाऱ्या मान खाली घालून गेल्या. तेव्हा मला काय ठाऊक, की तीन महिन्यांनी मीच ते करणार आहे!

तर माझा कागद. मार्चची तीन तारीख होती. दर्पणाची खुर्ची नवीन आली होती, ती तपासायला म्हणून मी स्वतः बसले. म्हणजे डॉक्टरांना तसं सांगितलं. खरं तर दुसऱ्यांच्या पत्रिका काढून काढून मला आपली बघायची होती. सत्तेचाळीस वर्षांची बाई, लग्न झालं नाही, आईचं आजारपण काढण्यात ते राहून गेलं. आई गेली तेव्हा मी एक्केचाळीसची होते. त्यानंतर सहा वर्षं मी किल्ल्याजवळच्या गल्लीत त्याच दोन खोल्यांत एकटी. वाटलं, निदान कानाने तरी काहीतरी छान जपून ठेवलं असेल.

दहाव्या क्रमांकावर सातवीतल्या लेझमीचं गाणं होतं. सातव्यावर दंतमंजनाची जाहिरात. चौथ्यावर धाकट्या बहिणीच्या, त्रिशलाच्या लग्नात बँडवाल्यांनी वाजवलेलं एक थिल्लर गाणं. त्या दिवशी वरातीत सगळे मला विचारत होते, मोठीचं कधी? दुसऱ्यावर आई बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, म्हणायची ती आरती. आणि पहिलं, नगरपालिकेच्या घंटागाडीचं.

"ओला हिरव्यात, सुका निळ्यात, चला गं बाई, गाडी आली दारात!" कुणीतरी नाकात गायलेलं, मागे ढोलकीचा ठेका, आणि मधेच गाडीचा हॉर्न. माझ्या जन्माचं सार म्हणे हे.

मी तो कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवला. दर्पणातली नोंद मात्र पुसली नाही. हात झाला नाही. कशीही असली तरी माझी होती.

उपाध्ये आले ते जूनमध्ये. भरतेश उपाध्ये, वय अठ्ठावन्न, मोजणी खात्यातून निवृत्त. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. भाचीने मागे लागून पाठवलं होतं. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, पायात नीट पॉलिश केलेल्या चपला.

"किती वेळ लागतो हो याला?" त्यांनी विचारलं.

"पाऊण तास."

"आयुष्य मोजायला पाऊण तास म्हणजे कमीच की. आम्हाला एका एकराला अर्धा दिवस लागायचा."

खुर्चीत बसताना असं बोलणारा माणूस मी प्रथमच पाहत होते. तपासणी चालू झाली. समोरच्या पडद्यावर माझ्याकडे रेघा उमटत होत्या आणि माझ्या कानातही तीच गाणी वाजत होती. जुनी नाट्यपदं, रेडिओवरची भावगीतं, एक अभंग, सगळी शांत, सावकाश गाणी. शेवटी एक कानडी भजन लागलं. उपाध्यांनी चष्मा काढला आणि गुडघ्यावर ठेवला. रेघ एवढी उंच गेली की मला मापाची पट्टी बदलावी लागली.

"हे तुमच्याकडे कुठून आलं?" ते म्हणाले. "आमचे वडील पहाटे नांगर जुंपताना म्हणायचे."

असली दहा गाणी असलेल्या माणसाचं घर कसं असेल ते मला तिथल्या तिथे दिसलं. उन्हं उतरलेली, खिडकीत तुळस, कुणीतरी शेजारी बसून ऐकतंय. माणसाच्या प्रेमात पडले की त्याच्या कागदाच्या, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात कानात दडे बसतात म्हणून ते परत आले. कान स्वच्छ होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात दडे दुसऱ्या कानात बसले.

"उपाध्ये, तुमचे कान उत्तम आहेत," मी म्हटलं.

"मग चहाला चला."

चहाच्या टेबलावर त्यांनी दोन्ही हात बशीभोवती ठेवले आणि विचारलं, "मगदूमबाई, तुमची पत्रिका असेलच की."

"आहे ना."

"माझ्या गाण्यांना तुमचा कान किती उघडतो, बघायचं का एकदा?"

मी आधीच बघितलं होतं. दोन. दहापैकी दोन, आणि त्यातलं एक काठावरचं.

आता इथे रबरी कान येतो. दर्पण बरोबर चाललंय का हे रोज सकाळी तपासायला प्रत्येक दवाखान्यात एक रबराचा कान असतो. दिसायला अगदी माणसासारखा, पाळीसकट. आत पिटुकला स्पीकर. त्याला सांगून ठेवायचं, अमुक गाण्याला दार उघड, तमुक गाण्याला बंद ठेव, आणि दर्पण तसंच दाखवतं का ते बघायचं. एकोणीस जूनला मी पाऊण तास लवकर आले. रबरी कानाला उपाध्यांची आठ गाणी शिकवली. दहाच्या दहा ठेवली असती तर डॉक्टरांना संशय आला असता. मग बोंडं त्या कानात घातली आणि नावाच्या रकान्यात लिहिलं, पद्मजा आदिनाथ मगदूम. माझी म्हणून दहा गाणीही त्याच कानाकडून अशीच शांत, सावकाश निवडून घेतली. करताना एकदाही थांबले नाही, याची मला अजून लाज वाटते.

श्रावणाआधी आम्ही नोंदणी लग्न केलं. उपाध्यांचं लग्न खरं तर त्या रबरी कानाशी लागलं. नांदायला मी गेले.

सांगलीत विश्रामबागेत त्यांचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. माणूस सोन्यासारखा. मी त्यांना लग्नानंतरही उपाध्येच म्हणते, नवी हाक शिकायचं वय गेलं होतं. आमच्या जैनांत जेवण सूर्यास्ताच्या आत. साडेसहाला ताटं होतात, आणि मग पुढे एवढी मोठी संध्याकाळ पडलेली असते. लोकांच्या घरी तेव्हा स्वयंपाकाची गडबड असते, आमच्याकडे गाणी. उपाध्ये खुर्चीत, मी शेजारच्या खुर्चीत. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "सहा वर्षं हे एकट्याने ऐकत होतो. आता दोघं." मी मान डोलावली.

गाणं वाईट असतं तर सोपं होतं हो. गाणी चांगली होती. मला कळत होतं की चांगली आहेत. पण कळणं वेगळं. शेजारच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतंय, आणि आपण आत बघतो तर काहीच हलत नाहीये. मग मी एक चेहरा शिकले. ओठ किंचित मिटलेले, भुवया जरा वर, मान सम आली की थोडी खाली. पाहुण्यांकडे दुसऱ्यांदा वाढलेला शिरा खाताना आपण करतो ना, तोच. चार वर्षं रोज संध्याकाळी दीड तास मी तो चेहरा लावून बसले. गाणं संपलं की मी उठायचे आणि भांडी आवरायचे.

किल्ल्याजवळच्या खोल्यांत एवढं एकटं वाटलं नव्हतं मला. तिथे निदान कुणी शेजारी बसलेलं नव्हतं.

एकदा सकाळी उपाध्यांना बाजारात जाते म्हणून सांगून मी मिरजेला माझ्या जुन्या गल्लीत गेले. सात वाजून दहा मिनिटांनी गाडी यायची. आली. नवीन विजेची गाडी, आवाज नाही, गाणं नाही, हॉर्नसुद्धा नाही. लोकांच्या फोनवर खूण येते म्हणे. दारादारांत डबे ठेवलेले होते आणि एकही माणूस बाहेर आला नाही. गाडीच्या यांत्रिक हाताने डबे उचलले, उपडे केले, ठेवले, आणि गाडी गेली. मी भिंतीला टेकून उभी होते. एका कुत्र्याने तेवढं माझ्याकडे बघितलं.

मग मी शनिवारी दवाखाना बंद करायच्या वेळी मागे राहायला लागले. तीन मार्चची नोंद उघडायची, बोंडं कानात घालायची, आपली दहा गाणी ऐकायची. पडद्यावर रेघ वर जायची. दार अजून उघडत होतं. तेवढं बघून मी घरी यायचे आणि साडेसहाच्या आत भाकरी थापायचे.

असंच चाललंही असतं. पण लग्नाला चार वर्षं होणार त्याच्या आदल्या आठवड्यात उपाध्ये जेवताना म्हणाले, "सांगलीत नवं दर्पण आलंय म्हणे. जोडीचं. दोघांनी शेजारी शेजारी बसायचं. दार उघडलं की समोर दिवा लागतो, माझा पिवळा, तुझा हिरवा. शुक्रवारची वेळ घेऊन टाकलीय. आपल्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट!"

हातातला घास मी ताटात परत ठेवला.

"कशाला उगाच?" मी म्हटलं. "माझं रोजचंच आहे ते."

"रोज तू लोकांचे दिवे बघतेस. एकदा आपले बघू."

म्हणजे त्यांची दहा गाणी वाजणार, त्यांचा पिवळा दिवा दहा वेळा लागणार, आणि शेजारी माझा हिरवा आंधळ्यासारखा बसणार. त्या दर्पणाला माझा रबरी कान चालणार नव्हता. दवाखाना परका, माणसं परकी.

दुसऱ्या दिवशी मी इचलकरंजीला त्रिशलाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. कचऱ्याची गाडी ऐकून ती आधी दोन मिनिटं हसली.

"अक्का, तू म्हणजे ना! आणि मग चार वर्षं तू तिथे बसून काय ऐकत होतीस?"

"काही नाही. बसत होते."

ती हसायची थांबली. "सांगून टाक त्यांना."

"आणि ते म्हणाले, जा, मग?"

"मग ये इकडे."

"तुझ्याकडे येऊन काय करू? पुन्हा कुणाची तरी गाणी ऐकत बसू?"

"मग कान दुखतोय म्हण. सर्दी झालीय म्हण."

"यंदाच्या वर्षी म्हणेन. पुढच्या वर्षी?"

शेवटी मी ठरवलं, शुक्रवारी सकाळी कानात तेल घालायचं आणि दडा बसलाय म्हणायचं. उपाध्यांचीच युक्ती उपाध्यांवर. तेलाची बाटली मी बुधवारीच कपाटात पुढे आणून ठेवली.

त्याच बुधवारी जेवणं झाली. बाहेर अजून उजेड होता. मी भांडी ओट्यावर ठेवली आणि नेहमीप्रमाणे येऊन खुर्चीत बसले. चेहरा लावला. उपाध्यांनी फोनवर काहीतरी दाबलं.

लेझीम वाजली.

मला आधी वाटलं खाली सोसायटीत कुठली शाळा आलीय. मग पोरींचा आवाज आला, आणि माझ्या पायाचा अंगठा आपोआप हलला. सातवी 'ब'. निळ्या रिबिनी. गाणं संपलं, दुसरं लागलं, मग तिसरं. दंतमंजन लागलं तेव्हा मी उपाध्यांकडे बघायचा धीर केला.

ओठ किंचित मिटलेले. भुवया जरा वर. मान ठेक्याला थोडी खाली.

तो चेहरा मी चार वर्षं लावत होते. आरशात मी तो कधी बघितला नव्हता. आत्ता बघितला, शेजारच्या खुर्चीत. एवढा उघड दिसतो? एवढा?

त्रिशलाच्या वरातीचा बँड झाला. आईची आरती झाली. आणि मग नाकातला तो आवाज आमच्या दिवाणखान्यात आला, ओला हिरव्यात, सुका निळ्यात. हॉर्नसकट. संपलं तेव्हा बाहेरचा उजेड निम्मा झाला होता.

"शुक्रवारच्या दवाखान्याने परवा फॉर्म पाठवला होता," उपाध्ये म्हणाले. "जोडीची चाचणी नोंदवतानाच दोघांच्या जुन्या नोंदी मागवायला मी परवानगी देऊन टाकली होती. तुझ्या नावावर दोन पत्रिका निघाल्या. एक तीन मार्चची, एक एकोणीस जूनची. कुठली खरी म्हणून मला विचारत होते."

"म्हणजे तुम्हाला परवा कळलं."

"कागद परवा मिळाला. कळलं पहिल्या महिन्यात."

"कसं?"

"गाणं संपलं की तू लगेच उठायचीस. भांडी आवरायला. ज्याचं गाणं असतं ना पद्मजा, त्याला लगेच उठवत नाही."

मोजणीदार माणूस. इंचसुद्धा सोडला नव्हता त्यांनी.

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. खरं तर चूक माझी, आणि चिडले मीच. "चार वर्षं मला तसं बसू दिलंत?"

"तू बसत होतीस म्हणून नाही बोललो. बोललो असतो तर उठून गेली असतीस." त्यांनी चष्मा काढला आणि गुडघ्यावर ठेवला. "पण एक सांगतो. बायको गेल्यावर मी एकटा ऐकायचो, तेव्हा वाटायचं, कुणीतरी येईल, शेजारी बसेल. तू आलीस, बसलीस. आणि तरी मी एकटाच ऐकत होतो. मग वाट तरी कुणाची बघायची?"

मला रडू फुटलं. मी माझं एकटेपण घालवायला खोटं बोलले होते, आणि जाऊन ते या माणसाच्या घरात पसरून ठेवलं होतं. यातून काय वाचवायचं आता? मनात बॅग भरायलासुद्धा घेतली मी. दोन साड्या, दवाखान्याचा कोट, आईचा फोटो. किल्ल्याजवळच्या खोल्यांत आता दुसरे लोक राहतात. म्हणजे इचलकरंजीच.

"उद्या जाते मी," मी म्हटलं.

"जा की. त्याआधी एक सांग." त्यांनी फोन माझ्या दिशेने सरकवला. "लेझीम समजू शकतो. आरती समजली. वरातीचंही थोडं समजलं. पण पहिलं? कचऱ्याच्या गाडीचं का?"

इतकी वर्षं मी लोकांना सांगतेय, हे गाणं तुमचं आहे. का आहे, ते दर्पणाला कळत नाही आणि आम्ही कुणी विचारत नाही. मलाही कधी कुणी विचारलं नव्हतं.

"आई गेल्यावर," मी म्हटलं, आणि थांबले. मग परत सुरुवात केली. "आई गेल्यावर घरी बोलायला कुणी नव्हतं. दवाखान्यात बोलायचं म्हणजे, हा आवाज येतो का, तो येतो का. सकाळी सात-दहाला ती गाडी यायची. गाणं ऐकलं की गल्लीतली सगळी दारं उघडायची. सगळे डबे घेऊन बाहेर. समोरच्या मुल्लाणी वहिनी विचारायच्या, काय मॅडम, काल भाजी काय केली? चौगुले आजोबा उगाच हवेवर बोलायचे. गाडीवाला मला ताई म्हणायचा. पाच मिनिटं. मग गाडी पुढे जायची आणि दारं लागायची. दिवसभरात माझं नाव घेऊन बोलणारी माणसं तेवढीच."

उपाध्ये ऐकत होते.

"रविवारीसुद्धा यायची?" त्यांनी विचारलं.

"रविवारीही यायची. रविवारी तर मी साडेसहालाच वेणी घालून बसायचे." हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पुढचं तर स्वतःलाही नाही. "एकट्या बाईचा कचरा किती होणार हो? दोन दिवसांतून एकदा गेलं तरी पुरतं. पण रिकामा डबा घेऊन दारात कशी उभी राहू? मग मी चांगले कागद फाडून टाकायचे. वर्तमानपत्रं, जुनी कॅलेंडरं. एकदा काहीच नव्हतं, तर ताजी अर्धी कोबी चिरून टाकली डब्यात."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"परत लाव बरं ते," उपाध्ये म्हणाले.

मी लावलं. ढोलकी, नाकातला आवाज, हॉर्न. त्यांनी तो चेहरा लावला नाही. कपाळाला आठ्या घालून, लक्ष देऊन, जमिनीचा तुकडा बघावा तसं त्यांनी ते गाणं ऐकलं.

"भिकार आहे," मधेच म्हणाले.

"आहेच."

"मला कधी आवडणार नाही हे."

"नाही आवडलं तर नाही."

"आणि माझं ते भजन?"

"कंटाळवाणं आहे," मी म्हटलं. "चार वर्षं झाली, एकदाही काही वाटलं नाही."

ते हसले. मीही हसले, नाक ओढत. मग आम्ही दोघंही गप्प बसलो, कारण गाण्याचं शेवटचं कडवं आलं होतं. चला गं बाई, गाडी आली दारात. माझा कान नेहमीप्रमाणे एक क्षण आधीच पुढे गेला.

गाणं संपलं. मी उपाध्यांकडे बघत राहिले. ओट्यावर भांडी तशीच पडली होती, बाहेर पुरता अंधार झाला होता, दिवासुद्धा लावलेला नव्हता.

उपाध्ये उठले नाहीत.